आमचा भागूबाई फोरमन

आमच्या फोरमनइतका भित्रा माणूस मी जन्मात पाहिला नाही, आणि आपला भित्रेपणा इतक्या मोठ्या आवाजात जाहीर करणारा तर त्रिभुवनात नसेल. देह पैलवानाचा, मिशा फौजदाराच्या, आणि विजेच्या खांबाखाली उभा राहिला की पहिलं वाक्य ठरलेलं: "मी भ्यालोय. अजून कोण?" जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात आम्ही विजेच्या तारा ओढायचो, तुटलेल्या जोडायचो. या धंद्यात मर्दुमकी मिरवायची पद्धत असल्यामुळे बाकीच्या गँगवाल्यांनी त्याचं नाव भागूबाई ठेवलं. त्याच्या कानावर गेलं तेव्हा म्हणाला, "ठेवू दे. भागूबाईची बायको विधवा होत नाही."

"अजून कोण?" म्हटल्यावर निदान एक हात वर यायला हवा, नाहीतर तो कोणाला चढू देत नसे. ज्याला भीती वाटत नाही त्याने खाली बसून दोरी सांभाळायची. हात वर केला की लगेच पुढचा प्रश्न, "कशाची?" मग आम्ही माना वर करून भीती शोधत उभे. आणि शोधली की सापडायचीही. कुठे गांधीलमाश्यांचं पोळं, कुठे गंजून पिचलेली लोखंडी पट्टी. आमचा जुना लाइनमन बरकू एकदा म्हणाला, "बायकोची." भागूबाई म्हणाला, "ती घरी आहे. इथे वर काय आहे ते बोल." या भानगडीत आमच्या गँगचं काम सगळ्यात सावकाश चालायचं आणि मला त्याचा भयंकर राग यायचा.

शिव्या मात्र त्याच्या तोंडात कायम. चहा पाणचट झाला, शिवी. चप्पल घालून कामावर आलात, दोन शिव्या. पण स्वतःहून चूक सांगितली की तोंडाला कुलूप. साखरशेत गावाला बरकूने तुटलेल्या तारा जोडताना दोन तारांची अदलाबदल केली. परतताना जीपमध्ये तो सारखा मागे वळून बघत होता. शेवटी म्हणाला, "दादा, माझा घोटाळा झालाय वाटतं." भागूबाईने जीप तिथल्या तिथे वळवायला लावली. पोचतो तो भाताच्या गिरणीची मोटर उलटी फिरत होती, पट्टा निसटून बाहेर पडला होता आणि गिरणीवाला आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. भागूबाईने त्याचं सगळं ऐकून घेतलं. "तारा मीच चुकवल्या," तो म्हणाला. "पण उलटी फिरतेय, तर तांदूळ घालून बघितलेत का? परत भात होऊन निघेल." बरकूला त्याने वाटेत स्वतःच्या डबीतलं पान दिलं. आम्हाला म्हणाला, "चूक सांगणाऱ्याला पान, लपवणाऱ्याला लाथ. आणि लाथ माझी आहे, विचार करून लपवा."

त्याच सुमारास आमच्या भागातल्या पोरांच्या कुपोषणाच्या बातम्या पेपरात यायला लागल्या, आणि बैलगाडीही धड न जाणाऱ्या रस्त्यांवर पुढाऱ्यांच्या मोटारी दिसू लागल्या. पोरं मेली तेव्हा गाव अंधारात होतं, त्याचं कोणाला काही वाटलं नव्हतं. पाहुण्यांच्या सभेत पंखा फिरला नाही तर मात्र नाक कापलं जाणार होतं. मोखाड्याकडच्या अशाच एका गावात आदल्या दिवशीच्या वाऱ्याने लाइन तुटली आणि आम्हाला पळवलं गेलं. आमच्या वीज खात्याचे नवे साहेब स्वतः हजर होते.

काम सुरू करण्याआधी तारांवर एक साखळी टाकायची आणि तिचं दुसरं टोक जमिनीत गाडायचं, असा नियम असतो. बंद तारेत चुकून वीज आलीच, तर ती माणसाला न धरता जमिनीत जाते. ती साखळी त्या दिवशी दुसऱ्या गँगबरोबर जव्हारला राहिली होती.

"लाइन मी स्वतः बंद करून घेतली आहे. चढा," साहेब म्हणाले.

"मी भ्यालोय," भागूबाई म्हणाला. "साखळी येऊ द्या."

"तुम्ही रोजच भ्यालेले असता." साहेबांनी किसनकडे बोट केलं. "तू चढ."

किसन वावर गावाकडचा, नुकताच रोजंदारीवर लागलेला. 'उद्यापासून येऊ नको' म्हटलं की संपली, अशी त्याची नोकरी, आणि घरात कमावता तो एकटाच. त्याने पट्टा कमरेला बांधला, खांबाला हात लावला आणि तिथेच थांबला.

"साहेब, माला भेव लागतंय."

"कसली भीती?"

"ता नाय सांगता येत. पन लागतंय."

"मग उद्यापासून घरीच बस!"

बरकू पट्टा सोडून खाली बसला. "मलाही वाटतेय, साहेब." मग मी बसलो, मग सगळी गँग. भागूबाईने विडी पेटवली. "साहेब, तुम्ही चढा. आम्ही खालून टाळ्या वाजवतो."

साहेबांनी दातओठ खात साखळीसाठी जीप पाठवली. शाळेच्या पटांगणातून सकाळपासून 'हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग' चालू होतं. गावाची वीज गेलेली असताना हा कशावर बोंबलतोय, असा प्रश्न आमच्यापैकी एकालाही पडला नाही. जीप आली. बरकूने लांब काठीने साखळी तारेवर टाकली, आणि तडतडून असा जाळ उठला की साहेब उडी मारून माझ्या पायावर आले. त्याच क्षणी शाळेतला 'हॅलो' अर्धाच तुटला. लाउडस्पीकरवाल्याने भाड्याचा जनरेटर सरळ शाळेच्या बोर्डाला जोडला होता. त्याची वीज गावच्या ट्रान्सफॉर्मरमधून उलटी येऊन आमच्या बंद तारेत बसली होती.

भागूबाई जीपमागे जाऊन भडाभडा ओकला. परत आला तो सगळ्यांदेखत तोंड पुसत, लपवण्याची त्याने जराही खटपट केली नाही. किसनच्या पाठीवर हात ठेवून तो नुसता उभा राहिला. त्या क्षणी मला तो माणूस माझ्या बापापेक्षा जवळचा वाटला. पाहुणे शेवटी आलेच नाहीत, रस्ता खराब होता म्हणे. किसनला घरी बसवायचं साहेब विसरले, आणि भागूबाईने त्यांना आठवण करून दिली नाही.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी तो जव्हारच्या घरी, अंथरुणात, म्हातारपणाने गेला. लाइनवरच्या माणसाला असं मरण म्हणजे बढतीच. खांदा द्यायला आमच्यात ढकलाढकली झाली. दुसऱ्या गँगचा एक थकलेला फोरमन मसणवटीच्या कडेला उभा होता. त्याच्या हाताखालची दोन माणसं तारेवर चिकटून गेलेली आम्हाला माहीत होती. तो आमच्याकडे बराच वेळ एकेक करून बघत राहिला. मग जवळ येऊन हळूच म्हणाला, "भागूबाईच्या गँगचे सगळे आलात?"

"सगळे," किसन म्हणाला.