टोपणाचं माप

माझ्यावर सगळ्यांत मोठं ऋण आहे ते माझ्या मामांचं, आईच्या धाकट्या भावाचं. पेडण्याच्या आमच्या वाड्यावरून माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. दहावी झाल्यावर मामांनी मला डिचोलीला आपल्या घरी नेलं, पाच वर्षं जेवू घातलं, म्हापशाच्या बसचा पास काढून दिला आणि मला बी.एस्सी. केलं. स्वतः ते चौथी शिकलेले. सुर्ल्याच्या खाणीवरच्या वर्कशॉपात जळलेल्या विजेच्या मोटारी भरायचे, म्हणजे आतली करपलेली तार काढून नवी गुंडाळायचे. अशा माणसाशी मी एकदा खोटं बोललो. एकाच शब्दाचं खोटं.

तार गुंडाळणाऱ्या त्या हातांनी मामा घरी मासे धरायच्या गळाच्या काठ्या बांधत. खनिज वाहणारा बार्ज हाकणारा एक सारंग त्यांना बोटीवरच्या खलाशांकडून फायबरच्या पोकळ नळ्या आणून द्यायचा. नळीवर दोरी ओवायच्या कड्या ठेवायच्या, त्या रंगीत दोऱ्याने घट्ट गुंडाळायच्या आणि दोऱ्यावर इपॉक्सीचा थर द्यायचा. हे इपॉक्सी दोन बाटल्यांतून येई. एकीत राळ, दुसरीत तिला घट्ट करणारं हार्डनर. दोन्ही सारखं घेऊन एकजीव केलं तर दुसऱ्या दिवशी दोऱ्यावर काच चढल्यासारखी दिसते. माप चुकलं तर ते कधीच वाळत नाही.

मामांचं माप म्हणजे खोकल्याच्या औषधाची दोन सारखी टोपणं. एकावर लाल ठिपका, ते राळेचं. त्यांची अदलाबदल त्यांना खपत नसे. मग बांबूच्या काडीने तीनशे फेरे, मनात मोजून. "पेज ढवळतात तसा. ताक नाय घुसळूचा," ते सांगत. जोरात ढवळलं की बुडबुडे येतात आणि ते थरात कायमचे राहतात. लावून झालं की काठी आडवी ठेवून सावकाश फिरवत ठेवायची, नाहीतर ओला थर खाली ओघळतो. त्यासाठी मामांनी जुन्या टेबलफॅनचे भाग जोडून एक फिरकी केली होती. तिचा घुर्र घुर्र आवाज माझ्या अभ्यासाच्या सगळ्या दिवसांमागे आहे.

गोवा घटक राज्य झालं त्या वर्षी मी डिचोलीतल्याच एका शाळेत तात्पुरता विज्ञानशिक्षक होतो. भाषेच्या भांडणातल्या घोषणा भिंतींवरून अजून गेल्या नव्हत्या. मामा पेपर मराठी वाचत आणि मामीशी कोकणीत भांडत, त्यांना त्यात काही अडचण वाटत नव्हती. त्यांची अडचण वेगळी होती. उजवा हात थरथरू लागला होता. वर्कशॉपातली नोकरी त्यांनी त्याच सुमारास सोडली. चवथ, म्हणजे गणपती, झाल्यावर सारंगाने एक काठी करायला सांगितली, तेव्हा ते म्हणाले, "ही बरी झाली तर आणखी करतलंय. नायतर पुरे."

दोरा त्यांनी सुरेख गुंडाळला. चार दिवस लागले, पण एक वेढा दुसऱ्यावर चढला नव्हता. इपॉक्सी घ्यायच्या दिवशी मात्र टोपण भरताना हात हलला आणि राळ पाटावर सांडली. ते फडक्याने पाट पुसत बसले. मला ते बघवेना. मी म्हटलं, "मामा, मोजायचं माझ्याकडे द्या. तुम्ही ढवळा."

मी दोन्ही बाटल्या आतल्या खोलीत नेल्या. तिथे शाळेच्या प्रयोगशाळेतला छोटा तराजू होता, दुरुस्तीसाठी घरी आणून नीट केलेला. टोपणात कमीजास्त होतं, वजनात होत नाही, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर शिकल्याचा उपयोग एकदा तरी त्या घराला व्हावा, असंही वाटलं. मी दोन्ही समान वजनाचं घेतलं आणि वाटी बाहेर आणली.

"टोपणान मोजलंस मा?" मामांनी विचारलं.

"होय," मी म्हटलं.

त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि तीनशे फेरे पुरे केले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी अंगठा लावून पाहिला. चिकटला. दिवसभर काठी फिरत राहिली. तिसऱ्या दिवशीही तेच. "काठी आसा की देव? तीन दिस तिका प्रदक्षिणा घालतास!" मामी म्हणाली. सारंग आला, कडीला बोट लावून हसला. "भाचो पास झालो, काठी मात्र नापास!" मामाही हसले. सारंग रिकाम्या हाताने गेल्यावर त्यांनी फिरकी बंद केली. तीन दिवसांनी घरात शांतता झाली. "माझो हात गेलो रे," ते म्हणाले. "ढवळूक सुद्धा येणा नाय."

पुढच्या आठवड्यात मी उरलेली राळ आणि हार्डनर एकेक टोपण घेऊन शाळेत वजन करून पाहिलं. राळेचं टोपण जड भरलं. म्हणजे समान वजनाच्या नादात मी हलकं हार्डनर मापापेक्षा जास्त घातलं होतं. वस्तू दिसायला सारख्या असल्या तरी वजनाला सारख्या नसतात, हा धडा मी आठवीला नुकताच शिकवला होता.

सांगायचं ठरवूनच मी घरी आलो. मामा फिरकी सुटी करून डब्यात भरत होते आणि शेजाऱ्याला सांगत होते, "माझ्या हाताचा काय घेवन बसलंस? भाचो ग्रॅज्युएट आसा घरात." मी हातपाय धुवायला मागे गेलो. मग जेवायला बसलो. नंतर पेडण्याच्या एका सरकारी कचेरीत मला नोकरी लागली आणि मी डिचोली सोडली.

कचेरीतला पंखा जुना होता, घुरघुरायचा. कधी कधी लिहिताना हात आपोआप थांबे आणि मी टेबलाच्या कडेवर अंगठा दाबून बघत असे. कोरडं लाकूड. तरी बघत असे. महिन्यातून एका रविवारी मामांकडे जाई तेव्हा ती काठी भिंतीवर खिळ्यांना आडवी दिसायची. खनिजाच्या ट्रकांची लाल धूळ तिच्यावर बसून तिथेच चिकटत होती. मामा येताजाता तिला अंगठा लावत. सवयीने की आशेने, मी विचारलं नाही.

चौथ्या वर्षी एका रविवारी शेजारीण जळलेला मिक्सर घेऊन आली. "माझ्यान नाय होवचा," मामा म्हणाले. आणि हे म्हणत असताना ते अडकित्त्याने सुपारी कातरत होते. पातळ, एकसारखी, पानासारखी. हात जवळजवळ स्थिर होता. त्या हाताला चार वर्षं थांबवून ठेवलं होतं ते माझ्या 'होय'ने. तोंडाने तरीही सांगता आलं नाही. पेडण्याला परत आल्यावर दुसऱ्या दिवशी कचेरीत जाण्याआधी पत्र लिहिलं आणि टपालपेटीत टाकलं.

मामा आता नाहीत. काठी माझ्याकडे आहे. तिच्यावरचा थर काचेसारखा कडक आहे, एका जागी दोन बारीक बुडबुडे सोडले तर निर्दोष. उजेडात धरली की त्या काचेच्या खाली लाल धूळ भरलेले अंगठ्याचे ठसे दिसतात, एकावर एक, कित्येक सकाळचे. ते पुसले जाणार नाहीत. अजूनही मी काठीजवळून जाताना अंगठा लावून पाहतो.

पत्राची पहिली प्रत मी ठेवली होती. ती अशी:

"मामा,

वरचा मायना लिहायला बसलो तर पुढचं लिहून होणार नाही, म्हणून नमस्कार मनातच केला आहे.

सारंगाची काठी वाळली नाही ती माझ्यामुळे. तुम्ही विचारलंत टोपणाने मोजलं का, आणि मी होय म्हटलं. मी तराजूवर तोललं होतं. राळ जड असते आणि हार्डनर हलकं, हे मला ठाऊक असायला हवं होतं, त्यासाठीच तुम्ही मला शिकवलं होतं. आठवड्यातच मला चूक कळली आणि मी गप्प बसलो. तुमचे तीनशे फेरे बरोबर होते. हातात दोष नव्हता.

चुकलेल्या थरावर नीट मापाचा दुसरा थर दिला तर तो वाळतो. धूळ ओल्या फडक्याने जेवढी निघेल तेवढी काढा, बाकीची राहू दे. दोन्ही बाटल्या मी नव्या घेऊन येतो.

रविवारी पहिल्या बसने येतो. तुम्ही दारात उभं केलंत तर दारातूनच परत जाईन, पण बाटल्या ठेवून घ्या. मामीला सांगून ती दोन टोपणं शोधून ठेवा. लाल ठिपक्याचं राळेला. माप तुम्हीच घ्यायचं. हात हलला आणि सांडलं, तर सांडू दे, पुन्हा भरा. मी पाट पुसायला बसेन."