दुसऱ्यांच्या मिरचीचं तिखट

त्या मावशींशी मी खोटं बोललो. पिशवीतलं तिखट त्यांच्याच मिरचीचं आहे असं तोंडावर सांगितलं, आणि ते नव्हतं.

शहाद्यात आमची मिरची कांडायची गिरणी आहे. भाऊ वारल्यापासून मी आणि वहिनी ती चालवतो. दोन्ही घरं तिच्यावरच जगतात. उन्हाळा लागला की बाया घरी वाळवलेली, देठं खुडलेली मिरची घेऊन येतात आणि नाकाला पदर लावून पाळी येईपर्यंत दारात बसतात. नजर पोत्यावरून हलत नाही. आपली मिरची दुसऱ्याच्यात जाऊ नये म्हणून ही राखण.

त्या बाया कमी होत चालल्या होत्या. पाकिटातलं तिखट प्रत्येक किराणा दुकानात लटकलेलं, मोबाईलवर मागवलं तर घरपोच. गिरणीत शिंकत बसायला सुनांना वेळ नव्हता. माझ्या जिवाला घोर लागला. काहीतरी बदललं पाहिजे, लवकर बदललं पाहिजे. धंद्याचे व्हिडिओ बघत बसायचो. गिऱ्हाइकाचा वेळ वाचवा, असं सगळेच सांगायचे. मी बोर्ड लावला : मिरची द्या, लगेच तिखट न्या. आलेली मिरची तोलायची, त्या हिशेबाने आधीच कांडलेलं तिखट द्यायचं आणि सगळ्यांची मिरची एकत्र कांडायची.

वहिनी बोर्ड वाचून हसल्या. "भाऊ, लोके मिरची कांडाले नही येतस. आपली मिरची कांडाले येतस."

"जमाना बदली ग्या, वहिनी."

"जमाना बदलना, पन जीभ तीच शे ना?"

मी ऐकलं नाही. सुरुवातीला गर्दीही झाली, मी हुरळलो. मग ब्राह्मणपुरीच्या मावशी आल्या. जुनं गिऱ्हाईक. बोर्ड त्यांनी वाचला नव्हता, मीही काही सांगितलं नाही. विश्वासाने पोतं ठेवून त्या बाजारात गेल्या. परत आल्यावर मी तिखटाची पिशवी हातात दिली. त्यांनी चिमूटभर जिभेवर ठेवलं.

"भाऊ, हाई मन्ही मिरची नही. सुरतना पोऱ्याले जहाल सोसत नही, म्हनीसन वावरमा वायली लायेल व्हती."

सुरतेच्या मुलाला सोसेल अशी कमी तिखट मिरची त्यांनी शेतात वेगळी लावली होती. रांगेत बाया उभ्या होत्या. खरं बोललो तर, हा न विचारता मिरची बदलतो म्हणून सगळ्या पोती उचलून जातील, या भीतीने मी म्हणालो, "मशीन नवं शे, मावशी. बारीक कांडस, म्हनीसन जहाल लागस. वहिनीले इचारा."

वहिनी सुपातली देठं निवडत राहिल्या.

"मशीन बारीक कांडस," मावशी म्हणाल्या, "मंग मिरचीनी जातबी बदली टाकस का?"

रांगेतली एकजण फिसकन हसली. मावशी पिशवी घेऊन निघून गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून वहिनी गिरणीत आल्या नाहीत. ब्राह्मणपुरीचं गिऱ्हाईक तुटलं, मग आसपासच्या गावांचं. मी पाकिटं छापली, सवलती काढल्या, व्हॉट्सअॅपवर ग्रुप केला, गिरणीचं नाव बदललं. एक सुरू करून होत नाही तोच दुसरं. नव्या काळाशी झुंजतोय असं स्वतःला सांगायचो. खरं तर मावशींचा तो प्रश्न कानात पुन्हा वाजू नये म्हणून ही धावपळ होती.

शेवटी वहिनींच्या दारात गेलो. बोर्ड काढतो म्हणालो, पण गिरणी चालणार कशी?

"फोनवर पाळी द्या," त्या म्हणाल्या. "जिन्ही पाळी तिनी त्याच येळले यावानं. मिरची तिनीच, तिन्हाच डोयासमोर कांडानी. बसी ऱ्हावानं काम नही." इतकी साधी गोष्ट मला सुचली नव्हती. मी लगेच मोबाईल काढला. त्यांनी हाताने थांबवलं. "पहिले ब्राह्मणपुरी जाऊत. मी बी येस."

मावशी अंगणात शेंगा फोडत होत्या. बसा म्हणाल्या. वहिनी बसल्या, मी उभाच राहिलो.

"मावशी, ते तिखट तुमन्ही मिरचीनं नव्हतं. तुमले न इचारता मी ती सगळासनी मिरचीमा टाकी दिन्ही. तुम्ही वळखं, तव्हय बायासमोर तुमलेच खोटं पाडं, आनि मन्हा खोटामा वहिनीलेबी वढं. मन्हं चुकनं. तुम्ही दोन्ही माले माफ करा."