आधी भिंत, मग मीटर

जनित्र सुरू करण्याआधीच ते किती व्होल्ट देणार, हे व्होल्टआण्णा खडूनं भिंतीवर लिहून ठेवायचे. मग यंत्र चालू करायचे आणि मीटरचा काटा त्या आकड्यापाशी येऊन थांबेपर्यंत कुणाशी बोलायचे नाहीत. आकडा जुळला की मिशीतल्या मिशीत हसून म्हणायचे, "मीटर बराबर हाय." त्यांच्या लेखी परीक्षा मीटरची असे.

शिक्षण सातवी. कोल्हापुरात विजेच्या मोटारींची तार गुंडाळता गुंडाळता हिशेब शिकलेले. "तारेचं वेढं किती, वेग किती, चुंबक किती. तिन्ही गावलं की व्होल्ट कुटं पळून जातंय?" मी डिप्लोमावाला. सूत्र मला पाठ होतं, पण ते वापरायचं असतं हे आण्णांमुळं कळलं. तरी ते मला 'सायेब' म्हणत आणि मी म्हणू देई.

दोन हजार सालानंतरचे ते भारनियमनाचे दिवस. इचलकरंजीतल्या ज्या मागाच्या शेडवर मी देखरेखीला होतो, तिथलं जनित्र जळालं. शेटनी ते घाईघाईत भलत्याकडूनच गुंडाळून आणलं आणि जोडायला आण्णांना बोलावलं. आण्णांनी जोडणी केली आणि मग झाकण काढून एकेका गुंडाळीचे वेढे बोटानं मोजले. चोवीस हवे होते, बावीस भरले. त्यांनी भिंतीवर लिहिलं, ३८०. आम्हाला हवे होते चारशे पंधरा.

"फिल्ड वाढवू," मी म्हणालो. फिल्ड म्हणजे चुंबकाला दिलेला करंट. तो वाढवला की व्होल्ट वाढतात.

"वाढत्यात की! पर चुंबकाची गुंडाळी भाजून निगंल, सायेब. ऐका माजं, फिरून गुंडाळून घ्या."

माग बंद होते आणि शेट दारात येरझाऱ्या घालत होते. मी आण्णांना घरी पाठवलं, जनित्र सुरू केलं. काटा भिंतीवरच्या आकड्यापाशीच थांबला. मी फिल्ड वाढवलं. चौथ्या दिवशी भर दुपारी जळका वास सुटला. शेट धावत येईपर्यंत मी ओल्या फडक्यानं भिंत पुसून घेतली होती.

"जोडलं कुणी हे?"

"आण्णांनी," मी म्हणालो. एक अक्षर खोटं बोललो नाही. भेकडपणाला तेवढी अक्कल असतेच.

गावभर बोभाटा झाला. पुन्हा एकाही शेडनं आण्णांना बोलावलं नाही. मला बढती मिळाली.

काही वर्षांनी नृसिंहवाडीच्या घाटावर ते दिसले. पार वाळून गेले होते. शिव्या खायच्या तयारीनंच मी पुढं झालो. त्यांनी एवढंच विचारलं, "सायेब, फिल्ड वाढवायच्या आदी मीटर किती दावत हुता?"

"तीनशे ऐंशी."

"खरं?"

"खरं, आण्णा."

ते मटकन पायरीवर बसले. डोळे भरून आले. "म्हंजी माजा हिशेब चुकला नव्हता," ते म्हणाले.

तोवर मी समजत होतो, मी त्यांचं फक्त काम घालवलं.