काळ्या पडद्यावर टाइप करणाऱ्या बाई

बाबा गेल्यावर त्यांचे व्हिडिओ आईला टीव्हीवर दिसावेत म्हणून मी जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्सचं मीडिया सेंटर टाकलं, आणि पडदा काळा तो काळाच. तो मरोळच्या दुरुस्तीच्या दुकानात नेला आणि तिथल्या बाईंना म्हटलं, "वाट लागलीय. सगळं पुसून परत टाका."

"व्हिडिओ यातच आहेत ना? मग पुसायचं नाव काढू नका."

पासवर्ड विचारून, चष्मा कपाळावर सरकवून त्या काळ्या पडद्यावरच कमांड टाइप करू लागल्या. एक अक्षर चुकलं तरी कळणार नव्हतं. बोटं कुठे अडखळली नाहीत.

"अहो, काहीच दिसत नाहीये!"

"दिसत नाही. पण ऐकतंय ना ते."

पडदा उजळला. व्हिडिओत बाबा मांडीवर मृदंग घेऊन बसले होते.

त्या संध्याकाळी मी बाबांच्या फोटोशी पहिल्यांदाच मोठ्याने बोललो.