मिकी आणि फिरकी

किसलेल्या आल्याचा वास आला की मला कॅनडातल्या किचनर शहरातली माझी पहिली नोकरी आठवते. लंडनहून आलेल्या आमच्या बॉसबाईंना मी थर्मासमधला आल्याचा चहा दिला. घोट घेताच त्यांना ठसका लागला. "हा आमच्याकडे लहान मुलंही पितात," मी म्हणालो. त्यांनी डोळे बारीक केले, "आर यू टेकिंग द मिकी?" कॅनडात मिकी म्हणजे दारूची चपटी बाटली, एवढंच मला ठाऊक. नोकरी गेलीच, या धास्तीने मी ओरडलो, "नो मॅडम, आय डोन्ट ड्रिंक!" सगळं ऑफिस हसत सुटलं. त्यांनीच मग हसू आवरत सांगितलं, "लंडनकडे याचा अर्थ, माझी चेष्टा करतोयस का, एवढाच." "आमच्याकडे याला फिरकी घेणं म्हणतात," मी म्हणालो. "फिर्की!" त्यांनी शब्द चाखून पाहिला, आणि निवृत्त होईपर्यंत रोज माझी फिरकी घेतली. आता ते काम माझ्या मुलीने हौसेने अंगावर घेतलंय.