पाठ फिरवणाऱ्यांची गल्ली

किल्लीवाल्यांच्या गल्लीत ती सून म्हणून आली, तेव्हा तिच्या जिभेला हाड नव्हतं. धंदा शिकली झटपट. तारेचा आकडा कुलपात असा फिरवायची, की सासरेही बघत राहायचे. पण गल्लीची एक रीत काही तिच्या पचनी पडेना. दार उघडलं, की किल्लीवाल्यानं लगेच पाठ फिरवायची. घरातलं माणूस बोलावेल तेव्हाच वळायचं.

"मामंजी, जगात पाठ फिरवली म्हणजे माया आटली म्हणतात," ती सासऱ्यांना डिवचायची. "तुमच्याकडे त्याचीच शिकवणी."

सासरे कानस घासता घासता म्हणायचे, "कुलूप आपलं, बाई. दाराच्या आतलं आपलं नाही."

"मग डोळे घरीच ठेवून येत जा की."

सासरे हसून सोडून द्यायचे. तर अशी ही बया.

एका दुपारी माहेरच्या शेजारणीचा फोन आला. आई सकाळपासून दार उघडत नव्हती, हाकेला ओ देत नव्हती. हत्यारांची पिशवी काखोटीला मारून ती तशीच धावली. जिन्यात शेजारपाजार जमलेला, जो तो शहाणा, दार फोडा म्हणून गलका चाललेला. "सरका," म्हणत ती गुडघ्यांवर बसली. असलं लॅच ती एरवी चहा पिता पिता उघडायची. आज आकडा पुन्हा पुन्हा सटकत होता. अखेर टक् झालं आणि दार बोटभर ढळलं.

ती उठली आणि दाराकडे पाठ करून उभी राहिली.

आई आहे की नाही ठाऊक नाही, आणि लेक चौकट अडवून जिन्याकडे तोंड करून उभी! आपण हे काय करतोय, तिचं तिलाच कळेना. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला तर वाण नाही पण गुण लागतो, हे खरं. पण इतका, थेट हाडापर्यंत?

"अगं, वेडी का खुळी तू? आत जा," शेजारीण म्हणाली. तिचे पाय हलेनात. तोंडातून मात्र शब्द आपसूक निघाले, "आई, येऊ का?"

आत काहीच हललं नाही.

मग जमिनीलगतून बसक्या घशातला आवाज आला. "थांब गं. त्यांना तिथेच धर. मोरीत पाय घसरून पडले, तिथून सरपटत आलेय, अंगावर चिंधी नाही माझ्या. चादर ओढून घेते."

तिनं दोन्ही हात चौकटीला लावले. मागे चादर खसखसत होती. कोण्या जुन्या किल्लीवाल्यानं, कुणाच्या दारात, काय बघून ही रीत घातली असेल? त्याचं नावही गल्लीत कुणाला माहीत नव्हतं. आज त्यानं तिच्या आईची अब्रू राखली होती.

"ये आता," आई म्हणाली. "एकटीच ये."