तुळशीला पाणी घालायचा डबा

मंडळी, आज सकाळीच आमची चांगली जिरली.

आमच्या पिपरी मेघेत ग्रामपंचायतीच्या घंटागाडीला आता वेगळा लाल डबा लावलाय. त्यात जुने सेल, ट्यूबलाइट, मुदत संपलेली औषधं टाकायची. मी घरभर फिरून पिशवी भरली आणि ऐटीत नेऊन दिली.

गाडीवरच्या ताईंचं लक्ष मात्र अंगणात होतं. तिथं माझ्या सासूबाई तुळशीला पाणी घालत होत्या.

"आजी, हा डबा फवारणीच्या औषधाचा हाय ना?"

"हाव. पण राखेनं तीनदा घासला म्या!"

"अन् याच तुयशीची पानं चहात टाकता ना? काल मलेबी पाजला तो चहा!"

सासूबाईंचा हात थांबला. त्यांनी डबा गाडीत टाकला आणि हळूच विचारलं, "पोट तं नाई दुखलं ना बाई तुयं?"

ताई खळखळून हसल्या. "नाई दुखलं. पण उद्या बिनतुयशीचा करजा."

संध्याकाळी नवं रोप लावलं. पाण्याला आता पितळी तांब्या.

पिशवी भरताना तो डबा मला दिसलाच नव्हता, रोज डोळ्यांसमोर असूनही. तुमच्याकडे असा धुतलेला डबा कुठं आहे? इथं लिहू नका, आधी उठून बघा.